दगड आधी येतो, कोळसा नंतर

सीबीडी बेलापूरच्या आमच्या ऑफिसच्या खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो. सगळा काळा बेसाल्ट, कोळशाचं नावही नाही. तरी इथे बसून आम्ही विदर्भातल्या भूमिगत कोळसा खाणींचे आराखडे काढतो. २०१६ मध्ये सिव्हिलची पदवी घेऊन मी इथे चिकटले, तेव्हा कुणालाच नको असलेलं प्रकरण माझ्या गळ्यात पडलं: खाणीतून निघणारा दगड टाकायचा कुठे?

त्या वेळी बायकांना भूमिगत खाणीत कामाला कायद्यानं मनाई होती. ती २०१९ मध्ये सैल झाली. त्यामुळे साइटवर गेलो की सहकारी टोपी-दिवा चढवून इन्क्लाइननं, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या तिरप्या बोगद्यानं, खाली, आणि मी वर उन्हात. चिडचिड व्हायची. पण त्यामुळेच वरची जमीन पायाखालून गेली, आणि ढीग तर वरच उभा राहणार होता.

नव्या मुलांना मी पहिल्याच आठवड्यात एक हिशेब घालते. ८० मीटर खोल कोळशाच्या थरापर्यंत १:५ उताराचे दोन इन्क्लाइन, रुंदी ४.८ मीटर, उंची ३ मीटर. प्रत्येकाची लांबी साधारण ४०८ मीटर. दोन्ही मिळून पावणेबारा हजार घनमीटर दगड. बहुतेक जण इथेच थांबतात. मीही थांबले होते. पण फोडलेला दगड फुगतो. दीडपट धरा, म्हणजे साडेसतरा हजारांच्या वर गेलात. माझा पहिला नकाशा पाहून खाणीतले एक अधिकारी शांतपणे म्हणाले, "ताई, उरलेल्या दगडाला कुंपणाबाहेर झोपवायचं का?" खारघर-तळोज्याला इमारतीचा पाया खणतात तिथे जाऊन बघा. खड्ड्यापेक्षा बाहेरचा ढीग नेहमी मोठा दिसतो. रोलर फिरवला की थोडा बसतो, पण मूळ मापावर परत येत नाही.

उघड्या खाणीच्या मानानं हा दगड किरकोळच. त्याची खरी अडचण वेळेची असते. कोळशाचा पहिला टन वर येण्याआधी हा सगळा दगड वर आलेला असतो. म्हणजे जागा, भोवतीचं गटार, गाळ अडवायचा खड्डा हे सगळं पहिला सुरुंग उडण्याआधी तयार हवं. म्हणून आराखड्यात आकारमानाचा एक आकडा देऊन भागत नाही, महिनावार तक्ता लागतो.

जागा निवडताना मी इन्क्लाइनच्या तोंडाजवळचा सखल तुकडा धरला होता. डंपरचा फेरा लहान, डिझेल कमी. जानेवारीत जमीन खडखडीत होती. तिथले सर्व्हेअर काका म्हणाले, "आत्ता कोरडं दिसते, ताई. आषाढात येऊन पाहा, इथून पाणी वाह्यते." परत येऊन नकाशा उघडला, तर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) तिथे चढाकडे वळत गेलेल्या. ओहोळच होता तो! माझ्या नजरेतून सुटला होता. वेल्समधल्या अ‍ॅबरफॅनला कोळसा खाणीचा दगडमातीचा ढीग झऱ्यावर रचला होता. २१ ऑक्टोबर १९६६ ला तो घसरून खालच्या शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यात ११६ मुलं. त्या ओहोळाच्या चुकीपासून मी जागेच्या नकाशावर आधी पाणी काढते, मग ढीग. शिवाय तिकडची काळी माती पावसात फुगून लोण्यासारखी होते. तिच्यावर थेट दगड रचला तर पायथाच सरकतो. ती काढून वेगळी साठवा. पुढे ढिगावर गवत-झाडं लावायला तीच लागते.

आता काळा शेल, म्हणजे चिखलाचा थराथरांनी बनलेला खडक. वालुकाश्म बिचारा निरुपद्रवी, रस्त्याला नाहीतर भरावाला खपून जातो. शेलमध्ये कोळशाचा अंश असतो, कधी पायराइट हे लोह-गंधकाचं खनिजही. काठावरून ट्रक उलटा केला की मोठे दगड गडगडत पायथ्याशी जातात, बारीक वर राहतं. खालच्या फटींतून हवा आत शिरते, आत ऊब साठते आणि ढीग चुलीसारखा आतून धुमसू लागतो. पायराइट असेल तर पाझरणारं पाणी आम्लही होतं. उपाय कंटाळवाणा आहे: काठावरून ओतायचं नाही, पातळ थर पसरायचे, रोलर फिरवायचा, बाजूंना मातीचा लेप द्यायचा. ठेकेदाराला हे आवडत नाही, कारण रोलर महाग. म्हणून थराची जाडी निविदेतच लिहून टाका.

पुढे खाण चालू झाल्यावर भ्रंश (खडक तुटून सरकलेली जागा) ओलांडताना, तळ खरवडताना थोडा थोडा दगड निघत राहतो. तो वर आणण्यापेक्षा खालीच जुन्या गॅलरीत, म्हणजे खाणीतल्या बोगद्यात, भरता येतो का, हे मॅनेजरला विचारा. हवेची वाट आणि बाहेर पडायचा दुसरा रस्ता मोकळा राहिला पाहिजे, आणि कोळसामिश्रित शेल गोफमध्ये, म्हणजे कोळसा काढून झालेल्या पोकळीत, नको. तो तिथेही तापतोच. कोल माइन्स रेग्युलेशन्स, २०१७ मुळातून वाचा. जुन्या अहवालांतून उतरवून काढलेली कलमं बऱ्याचदा १९५७ च्या नियमांतली असतात.

आणि पहिला दौरा जानेवारीत नको, जुलैत करा. बेलापूरहून लोकलनं ठाणे, तिथून संध्याकाळची विदर्भ एक्सप्रेस. गमबूट इथूनच न्या. साइटवर माझ्या मापाचे कधीच नसायचे.