कृष्णद्रव्याच्या प्रयोगात येऊ पाहणाऱ्यांसाठी

न्यूट्रिनो (द्रव्याशी क्वचितच क्रिया करणारे सूक्ष्म कण) किंवा कृष्णद्रव्याच्या (डार्क मॅटर, म्हणजे थेट न दिसणाऱ्या द्रव्याच्या) प्रायोगिक संशोधनात पीएचडी करू इच्छिणारे विद्यार्थी बहुधा प्रवेशपरीक्षा, शिष्यवृत्त्या आणि इटली की अमेरिका याविषयी विचारतात. त्यांची उत्तरे इतरत्र सहज मिळतात, म्हणून ती येथे सोडून देते. मला लिहायचे आहे ते शिसे-२१० या एका समस्थानिकाविषयी, कारण माझ्या प्रबंधाचा मोठा काळ त्याने गिळला, आणि हे काम सुरू करण्यापूर्वी त्याच्याविषयी मला कोणीही बजावून सांगितले नव्हते.

हे प्रयोग जमिनीखाली का करतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच: अतिशय दुर्मिळ नोंदी वैश्विक किरणांच्या गर्दीत हरवू नयेत म्हणून. इटलीतील ग्रान सासो प्रयोगशाळेवर सुमारे १४०० मीटर खडक आहे आणि त्यामुळे वैश्विक किरणांतील म्युऑन या भेदक कणांचे प्रमाण जवळजवळ दहा लाख पटींनी घटते. खोलीचे महत्त्व आपल्याकडेही जुने आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणीत सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि ओसाका व डरहॅम विद्यापीठे यांच्या गटाने १९६५ मध्ये वातावरणात निर्माण होणारे न्यूट्रिनो नोंदवले. मात्र डोंगर वरून येणारे किरण अडवतो; आपण स्वतः बोगद्यात नेलेल्या तांब्याला, स्टीलला आणि टेफ्लॉनला चिकटून जे आत जाते, त्यापुढे डोंगराचा काही उपयोग नसतो.

आता शिसे-२१० चा सापळा सविस्तर सांगते. हवेत रेडॉन-२२२ हा किरणोत्सारी वायू असतो आणि त्याचे अर्धायुष्य ३.८ दिवसांचे आहे. हा आकडा वाचून प्रत्येक नवखा मनुष्य असे समजतो की सुटा भाग काही दिवस उघड्या हवेत राहिला असला तरी तो नायट्रोजनच्या पेटीत महिनाभर ठेवला म्हणजे प्रश्न मिटला. रेडॉन खरोखरच नाहीसा होतो. परंतु हवेत असताना त्याच्यापासून तयार झालेले अणू त्या भागाच्या पृष्ठभागावर बसलेले असतात आणि काही तासांत त्यांचे शिसे-२१० मध्ये रूपांतर झालेले असते. या शिशाचे अर्धायुष्य सुमारे २२ वर्षांचे आहे, म्हणजे तुमची पीएचडी आणि त्यानंतरच्या सगळ्या पोस्टडॉक संपल्या तरी ते तेथेच असणार. त्यापासून बिस्मथ-२१० आणि पुढे १३८ दिवस अर्धायुष्याचे पोलोनियम-२१० तयार होते, आणि पोलोनियम ५.३ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचा अल्फा कण बाहेर टाकते. हा अल्फा भिंतीच्या आत गेला आणि मागे उरलेले शिसे-२०६ चे अणुकेंद्रक सुमारे १०३ केईव्ही (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जा घेऊन शोधकात (डिटेक्टरमध्ये) शिरले, तर ती नोंद कृष्णद्रव्याच्या कणाने अणुकेंद्रकाला दिलेल्या धक्क्यासारखी दिसू शकते. शिवाय अल्फा टेफ्लॉनमधील फ्लोरिनवर आदळला तर न्यूट्रॉन सुटतो, आणि न्यूट्रॉनचा धक्का तर हुबेहूब तसाच असतो.

याहून घातक गोष्ट काळाची आहे. पृष्ठभागाची तपासणी बहुधा अल्फा मोजून केली जाते. नुकत्याच हवा लागलेल्या भागावर शिसे असते, पण पोलोनियम अजून तयार झालेले नसते, त्यामुळे मोजमाप उत्तम येते आणि भाग उत्तीर्ण होतो. त्यानंतर पोलोनियम वाढत जाते आणि सुमारे सव्वादोन वर्षांनी त्याची पातळी सर्वोच्च होते, म्हणजे जुळणी संपून, शोधक थंड होऊन, विदा (डेटा) जमू लागते नेमक्या त्या सुमारास. मी ज्या प्रयोगात काम केले तेथे असेच घडले. काही भाग एका कार्यशाळेत साध्या हवेत पडून होते, ही नोंद कोणत्याही वहीत नव्हती, तपासणीचे आकडे मात्र निर्मळ होते. अल्फांचा दर महिन्यामहिन्याने चढत गेला, आणि तो का चढतो हे शोधून त्याचे गणित मांडण्यात, ज्या विश्लेषणासाठी मी आले होते ते मागे पडले. म्हणून प्रत्येक भागाचा इतिहास मागा: तो कोठे होता, किती काळ होता, आवरणात होता की उघडा. तपासणीच्या आकड्याशेजारी तपासणीची तारीख नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही, हे कितीही ज्येष्ठ माणसासमोर म्हणायला कचरू नका.

धुऊन काढता येत नाही का, असे तुम्ही विचाराल. तांबे आम्लात बुडवले तर शिसे निघते, परंतु पोलोनियम द्रावणातून पुन्हा तांब्यावर बसते. विद्युत-पॉलिशने दोन्ही निघतात. ही माहिती प्रकाशित शोधनिबंधांत आहे, तरी भाग उतरवून पुन्हा जोडण्याइतका वेळ आणि पैसा प्रयोग चालू झाल्यावर कोणाकडेही नसतो.

हे फक्त आमच्यापुरते नव्हते, याचा मला पुढे मोठा आधार वाटला. ग्रान सासोतील क्रेस्ट या कृष्णद्रव्य शोधणाऱ्या प्रयोगाने २०११ मध्ये कॅल्शियम टंगस्टेटच्या स्फटिकांत अपेक्षेपेक्षा अधिक घटना जाहीर केल्या. स्फटिक धरून ठेवणाऱ्या कांस्याच्या पकडींवरील पोलोनियम-२१० चा त्या विश्लेषणात हिशेब करावा लागला होता, आणि २०१४ मध्ये अधिक स्वच्छ रचनेच्या शोधकांत ती वाढ दिसली नाही. त्याच प्रयोगशाळेत बोरेक्सिनो या द्रवाने भरलेल्या टाकीच्या प्रयोगाला सूर्यातील सीएनओ (कार्बन-नायट्रोजन-ऑक्सिजन) चक्राचे न्यूट्रिनो मोजायचे होते, आणि बिस्मथ-२१० चा ऊर्जा-वर्णपट त्यांच्या वर्णपटाशी इतका मिळताजुळता की दोन्ही वेगळे करणे जवळजवळ अशक्य होते. त्या गटाने संपूर्ण टाकीभोवती उष्णतारोधक आवरण घातले, द्रवातील प्रवाह शांत केले, पोलोनियमच्या दरावरून बिस्मथची मर्यादा ठरवली आणि २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. टाकीचे तापमान स्थिर ठेवण्यासाठी घेतलेले ते कष्ट मला त्या निष्कर्षाइतकेच थोर वाटतात.

यामुळेच एका सोप्या वाटेविषयी माझे मत कठोर आहे. नको असलेल्या घटना मशीन लर्निंगने वेगळ्या काढायच्या आणि त्या कोठून आल्या हे पाहायचेच नाही, ही पद्धत वाढते आहे. तंत्राला माझा विरोध नाही. परंतु ज्या घटनेचा उगम तुम्हांला सांगता येत नाही ती वगळण्याचा तुम्हांला अधिकार नाही. मार्गदर्शक निवडतानाही हेच पाहा. शेकडो लेखकांच्या प्रयोगाचा प्रमुख दूरचित्रसंवादावर महिन्यातून एकदा भेटेल. क्लीनरूममध्ये तुमच्या शेजारी उभा राहणारा, फारसा प्रसिद्ध नसलेला शास्त्रज्ञ तुम्हांला घडवील, आणि नोकरीच्या वेळी तुम्ही नेमके काय केलेत हे पत्रात तोच लिहू शकेल.

एवढे वाचून माघार घेऊ नका. कृष्णद्रव्य सापडले नाही तर प्रबंध होत नाही, ही भीती निराधार आहे. या क्षेत्रातील बहुतेक उत्तम प्रबंध मर्यादा ठरवणारेच आहेत, म्हणजे कृष्णद्रव्य कसे असू शकत नाही हे सांगणारे. शिवाय ज्या शोधकांत कृष्णद्रव्य दिसले नाही, त्याच द्रवरूप झेनॉनच्या शोधकांत, इटलीतील झेनॉन-एनटी आणि चीनमधील पांडा-एक्स-४टी येथे, २०२४ मध्ये सूर्याच्या बोरॉन-८ न्यूट्रिनोंनी अणुकेंद्रकांना दिलेल्या धक्क्यांच्या पहिल्या खुणा मिळाल्या. तेव्हा त्यांची निश्चिती तीन सिग्माच्या (सिग्मा हे निष्कर्षाच्या खात्रीचे माप) खाली होती; काम अजून उरले आहे, आणि ते करणाऱ्यांसाठी जागाही आहे.

त्यासाठी परदेशी जाईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. आपल्याकडील अनेक विद्यापीठांत घरांतील रेडॉन मोजण्यासाठी एलआर-११५ ही अल्फा कणांचे माग धरणारी प्लॅस्टिकची फिल्म वापरतात. ती काही महिने टांगून ठेवायची, माग ठळक होण्यासाठी तापवलेल्या सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात बुडवायची आणि अल्फांचे माग सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. एमएस्सीचा प्रकल्प म्हणून हे काम अनेकांना कमी दर्जाचे वाटते. माझ्याकडे अर्ज आला आणि त्यात असा एक प्रकल्प, त्यातील त्रुटींचा स्वतः केलेला हिशेब आणि तारखांसह ठेवलेली वही असेल, तर मी गुणपत्रिका नंतर पाहीन.