सीटीएससी करताय? मग या चुका टाळा

"सर, डम्प (म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न) आहेत का?" सीटीएससी परीक्षेबद्दल विचारायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच. नाहीत, आणि असते तरी दिले नसते. अख्ख्या कंपनीची सप्लाय चेन बदलायला निघालेल्या माणसाला एक परीक्षासुद्धा वाचून देता येत नसेल, तर अवघड आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सीटीएससी म्हणजे सर्टिफाइड इन ट्रान्सफॉर्मेशन फॉर सप्लाय चेन, सप्लाय चेनमध्ये बदल घडवण्याबद्दलचं प्रमाणपत्र. देणारी संस्था एएससीएम, म्हणजे 1957 पासूनची आपली जुनी एपिक्स.

घाई. प्लॅनिंगमध्ये जेमतेम वर्ष काढलेली मुलं थेट इथे येतात, कारण नावात 'ट्रान्सफॉर्मेशन' आहे. आधी सीपीआयएम करा, म्हणजे याच संस्थेचं प्लॅनिंग आणि साठ्याबद्दलचं प्रमाणपत्र. ज्याने एमआरपी (कुठला माल किती आणि कधी लागेल याचा हिशेब) कधी चालवली नाही, तो बदलणार काय?

जुन्या नोट्स. 1996 चं स्कोर मॉडेल, म्हणजे सप्लाय चेनमधली कामं मांडायचा ठरलेला आराखडा, पुढे प्लॅन, सोर्स, मेक, डिलिव्हर, रिटर्न, एनेबल असं शिकवलं जायचं. त्याच्याच 2022 च्या 'डिजिटल स्टँडर्ड' आवृत्तीत 'ऑर्डर' ही वेगळी प्रक्रिया झाली, मेकचं ट्रान्सफॉर्म आणि डिलिव्हरचं फुलफिल झालं, ऑर्केस्ट्रेट आलं. मित्राने दिलेली पीडीएफ उघडल्यावर 'मेक' दिसलं, तर बंद करा.

परफेक्ट ऑर्डरची सरासरी. ही चूक अनुभवी लोक जास्त करतात. परफेक्ट ऑर्डर म्हणजे चारही निकषांवर बिनचूक पोचलेली ऑर्डर. निकष चार: माल पूर्ण, कबूल केलेल्या तारखेला, कागदपत्रं बिनचूक, माल सुस्थितीत. प्रत्येकात 95 टक्के असले की लोक सरासरी काढतात आणि परफेक्ट ऑर्डरही 95 टक्के म्हणून मोकळे होतात. 100 ऑर्डर घ्या. चारही प्रकारच्या पाच-पाच चुका वेगवेगळ्या ऑर्डरमध्ये झाल्या असतील, तर परफेक्ट ऑर्डर उरतात 80. चुकांचा एकमेकींशी संबंध नसेल, तर गुणाकार करून साधारण 81.5. 95 येतील ते फक्त सगळ्या चुका त्याच पाच ऑर्डरमध्ये झाल्या असतील तेव्हा. डिस्पॅचवाला म्हणतो गाडी वेळेवर निघाली, क्वालिटीवाला म्हणतो माल चोख होता. इनव्हॉइसवर जीएसटी नंबर चुकला म्हणून ती गाडी ग्राहकाच्या गेटवर दिवसभर उभी आहे, हे कोणाच्याच रिपोर्टमध्ये येत नाही. मी लोकांना पुस्तक मिटायला लावतो, त्यांच्याच कंपनीच्या मागच्या महिन्यातल्या 50 ऑर्डर काढायला सांगतो आणि प्रत्येकीसमोर चार रकान्यांत खूण करायला लावतो. एक जरी रकाना रिकामा, तरी ऑर्डर बाद. संध्याकाळपर्यंत व्याख्या पाठ झालेली असते, बहुतेकांचा चेहराही पडलेला असतो.

आधी सॉफ्टवेअर. यावर मी जरा जास्त बोलतो, कारण हा प्रकार जवळून पाहिलाय. चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नवे साहेब आले, प्रमाणपत्र ताजं. पहिल्याच बैठकीत रंगीत रोडमॅप, त्यात पहिल्याच तिमाहीत नवं प्लॅनिंग सॉफ्टवेअर. स्टोअरकीपर मागून म्हणाला, "साहेब, आधी कोड साफ करा." मिनिट्समध्ये ते वाक्य नाही. एकाच एम 8 बोल्टचे मास्टरमध्ये, म्हणजे सिस्टीममधल्या आयटमच्या मूळ यादीत, तीन कोड होते. एका कोडवर रॅक भरलेलं, दुसऱ्या कोडवर स्टॉक शून्य, त्यामुळे सिस्टीम खरेदीची मागणी काढत बसली. वर कोणीतरी डेटा भरताना सगळ्याच आयटमना सात दिवसांचा लीड टाइम (ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतचा वेळ) टाकून ठेवलेला. समुद्रमार्गे येणाऱ्या बेअरिंगलाही सात दिवस! बोल्टचे ढीग लागले, बेअरिंगअभावी असेंब्ली थांबली, आणि प्लॅनर मंडळी गुपचूप आपापल्या एक्सेलवर परत गेली. सॉफ्टवेअरचं लायसन्स मात्र चालू राहिलं.

गंमत म्हणजे साहेबांनी हे सगळं परीक्षेसाठी वाचलेलं असणार. सद्यस्थिती मोजा, प्रक्रिया मांडा, लोकांना बरोबर घ्या, तंत्रज्ञान त्यानंतर. पण वाचायचं एक आणि ऑफिसात करायचं दुसरं, ही सवय अंगात मुरलेली असते, आणि परीक्षेतही हात त्या सवयीनेच चालतो. माझी पद्धत साधी आहे. काहीही बदलण्याआधी स्टोअरमध्ये जायचं, कुठलेही शंभर आयटम उचलायचे, रॅकवरचा आकडा सिस्टीमशी आणि मास्टरमधला लीड टाइम मागच्या खरेदी ऑर्डरशी ताडून बघायचा. प्रश्न सोडवतानाही पर्यायांत 'सॉफ्टवेअर निवडा' आणि 'सद्यस्थिती तपासा' दोन्ही दिसले, की मी आधी दुसऱ्याकडे बघतो.

कॅश टू कॅशची चलाखी. कॅश टू कॅश म्हणजे मालात घातलेला पैसा परत हातात यायला लागणारे दिवस. सूत्र सोपं: साठ्याचे दिवस अधिक येणीचे दिवस वजा देणीचे दिवस. 60 अधिक 45 वजा 30, म्हणजे 75. मग कोणीतरी हुशार माणूस पुरवठादाराचे पैसे 30 ऐवजी 90 दिवसांनी देतो आणि 15 दिवसांवर आलो म्हणून पेढे वाटतो. आपल्याकडे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं लागतं. आता आयकर कायद्यामुळे मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, पैसे देईपर्यंत वजावट थांबते. भोसरीच्या वर्कशॉपवाल्याच्या पैशावर आपला आकडा सुधारणं याला मी ट्रान्सफॉर्मेशन म्हणत नाही. साठा कमी करून दाखवा.

नाव. नोंदणीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं पाहिजे. एकीकडे वडिलांचं नाव मध्ये, दुसरीकडे आडनाव आधी, असा घोळ परीक्षेच्या सकाळी निस्तरता येत नाही. नोंदणी करतानाच पासपोर्ट समोर ठेवा.

पास झाल्यावर झोपणं. दर पाच वर्षांनी वेबिनारसारख्या पुढच्या शिक्षणाचे 75 गुण दाखवून नूतनीकरण करावं लागतं. वेबिनार केलं की त्याच दिवशी नोंद करा.