नाव आणि शीर्षकाची नोंदणी करताना या चुका टाळा

नाटकाला किंवा दिवाळी अंकाला चांगले नाव सुचले की ‘आधी त्याचा कॉपीराइट घेऊन ठेवा’ असा सल्ला मुंबईत सर्रास दिला जातो. हा सल्ला चुकीचा आहे. 1957 चा कॉपीराइट कायदा संहितेला, गीताला, चित्राला, चित्रपटाला संरक्षण देतो. नुसत्या शीर्षकाला नाही. ‘देसी बॉइज’ या नावावरून उद्भवलेले फौजदारी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. तक्रारदाराने त्याच नावाच्या कथेचा सारांश लेखकांच्या संघटनेकडे रीतसर नोंदवलेला होता, परंतु तक्रार केवळ नावापुरती असल्यामुळे 2015 मध्ये न्यायालयाने ती रद्द केली.

नावाचे संरक्षण मिळते ते 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याखाली, आणि तेही वस्तू किंवा सेवेच्या संदर्भात. त्यासाठी वस्तू आणि सेवांचे एकूण 45 वर्ग केलेले आहेत. लालबागमधल्या मसाल्याच्या दुकानाचे नाव तिसाव्या वर्गात नोंदवले, म्हणून त्याच नावाच्या उपाहारगृहाची सोय आपोआप होत नाही. त्यासाठी त्रेचाळिसाव्या वर्गात वेगळा अर्ज करावा लागतो. गुमास्ता परवान्यावर किंवा कंपनीच्या कागदपत्रांवर नाव असणे म्हणजे ट्रेडमार्क मिळणे नव्हे, हे तर अनेकांना नोटीस आल्यावरच समजते.

‘ताजा मसाला’सारखी निव्वळ वर्णन करणारी नावे सहसा नाकारली जातात. अगरबत्तीसाठी ‘रामायण’ या नावावर एकट्याचा हक्क सांगता येणार नाही, असा निर्णयही सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्येच दिला, आणि माझ्या मते तो योग्यच होता. एकाच पुस्तकाच्या किंवा नाटकाच्या शीर्षकावर हक्क सांगणेही अवघड असते, कारण ते नाव लोकांच्या मनात त्या निर्मितीशी घट्ट जोडले गेले आहे, हे सिद्ध करावे लागते. एकामागून एक येणाऱ्या पुस्तकांच्या किंवा नाटकांच्या मालिकेच्या नावाला हे तुलनेने सोपे जाते.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र अर्जातील ‘वापर केव्हापासून’ या रकान्यात होते. आधीपासून व्यवसाय करणारे लोकही घाईघाईत ‘वापर प्रस्तावित’ (म्हणजे नाव अजून वापरात नाही, पुढे वापरणार) असे लिहून मोकळे होतात आणि आपल्या जुन्या वापराचा दावा स्वतःच कमकुवत करतात. जुना वापर सांगायचा असेल तर प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात. म्हणून पहिल्या वर्षाची बिले, पाकिटांचे नमुने आणि तारखेसह छापलेल्या जाहिराती अर्जापूर्वीच शोधून एकत्र ठेवाव्यात.