जुनी फोर बाय फोर घाटासाठी आणि पाणंदीसाठी कशी तयार करावी: टप्प्याटप्प्याने

कोल्हापूरच्या आसपास दोन प्रकारचा कच्चा रस्ता भेटतो. नदीकाठच्या शिवारात काळ्या मातीच्या पाणंदी आहेत. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी त्यांत खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात. पन्हाळा, गगनबावडा, आंबा घाटाच्या बाजूला जांभ्याचे धारदार दगड आणि निसरडी तांबडी माती. पाणंदीत चाकं चाकोरीत उतरली की मधल्या वरंब्यावर डिफरन्शियल (अॅक्सलच्या मधला गिअरचा गोळा, पुढे नुसतं डिफ) टेकतं आणि गाडी तिथंच बसते. जांभ्यात टायरची बाजू फाटते. म्हणून पैसे आधी गाडीखाली आणि टायरमध्ये घालावेत. वरची लाइटपट्टी, जाळी, स्टिकर शेवटी, आणि नाही घातले तरी चालतं.

गाडी निवडताना

थार सीआरडीई (२०१० ते २०२०), स्कॉर्पिओ फोर बाय फोर किंवा मारुती जिप्सी, यांपैकी काही बघा. तिन्हींना बॉडीपासून वेगळी चेसी (खालचा सांगाडा) आणि लो-रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारे गिअर) आहे. टू-व्हील ड्राइव्ह घेऊन पुढे ती फोर बाय फोर करू, हा विचार सोडून द्या. खर्च दुप्पट होतो आणि कागदपत्रांचा घोळ वेगळाच.

गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घेऊनच बघा. मागच्या पाट्यांचे हँगर आणि बॉडी माउंट यांच्याजवळ चेसीवर छोट्या हातोडीने ठोका. आवाज खणखणीत न येता बद्द आला, किंवा पापुद्रे पडले, तर आतून गंज आहे. किनारपट्टीवर वापरलेल्या गाडीत हे जास्त दिसतं. डिफचा फिलर बोल्ट काढून बोटाने तेल बघा. दुधासारखं पांढरट असेल तर पाणी शिरलंय. मुरमाच्या चढावर फोर-लो (चारही चाकं, लो-रेंज) टाकून पुढची चाकं खरंच माती मागे फेकतात का ते बघा, कारण डॅशबोर्डवर दिवा लागला म्हणजे पुढची चाकं जोडली गेलीच असं नाही. ही चाचणी डांबरावर करू नका. वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो ताण थेट ट्रान्स्फर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्यावर येतो.

पहिला टप्पा: जे आहे ते धड करणं

एकूण बजेटचा तिसरा हिस्सा इथं जाईल असं धरून चाला. सगळी तेलं, कूलंट, रेडिएटरचे होज, बेल्ट, ब्रेक, बॉल जॉइंट, पाट्यांचे बुश, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस. डिफला साधारणपणे ८०डब्ल्यू-९० जीएल-५ तेल लागतं. पण तेच तेल गिअरबॉक्समध्ये ओतू नका. जीएल-५ मधले काही घटक पितळी सिंक्रोनायझर (गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या कड्या) खातात, म्हणून गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केसला मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच तेल.

याच टप्प्यात एक अगदी स्वस्त काम उरकून घ्या: डिफचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा आत-बाहेर व्हायचं छिद्र. घाट चढून तापलेलं डिफ ओढ्याच्या गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढून घेते. ब्रीदरला साधारण ८ मिमी आतल्या व्यासाचा तेल सोसणारा फ्युएल होज क्लिपने बसवा आणि तो इंजिनच्या खोलीत वर नेऊन बांधा. अॅक्सल वर-खाली होतो, म्हणून होजला ढील ठेवा. टोकाला छोटा फिल्टर लावा, नाहीतर धूळ आत जाईल.

दुसरा टप्पा: टायर

डिफखालची उंची फक्त मोठ्या टायरने वाढते. सस्पेन्शन उचललं की बॉडी वर जाते, पण सरळ अॅक्सलचं डिफ होतं तिथंच राहतं. चाकोरीत अडकणाऱ्या गाडीला हे नीट कळायला हवं.

थारचा मूळ साईज २३५/७० आर१६, म्हणजे साधारण ७३५ मिमी व्यास. २४५/७५ आर१६ घेतला तर तो ७७४ मिमी होतो. डिफखाली त्यातला निम्मा, म्हणजे १९ मिमी वाढतो. त्याची किंमतही मोजावी लागते: गिअरिंग पाच टक्क्यांनी उंच होतं, मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६३ ने पळते, ब्रेकला जास्त जोर लागतो, आणि पूर्ण वळवल्यावर टायर घासतोय का ते बघावं लागतं. बहुतेकांना एटी (ऑल-टेरेन, सगळ्या रस्त्यांचा) टायर पुरतो. चिकट काळ्या मातीत एटीची नक्षी भरून जाते, तिथं एमटी (मड-टेरेन, चिखलाचा) सरस. पण पावसात करूळ घाटाच्या ओल्या डांबरावर एमटी कमी पकडतो, आणि गाडीचा बहुतेक प्रवास डांबरावरच होतो. स्टेपनीही त्याच साईजची घ्या. वेगळ्या व्यासाचं चाक लावून फोर-हायमध्ये (चारही चाकं, नेहमीचे गिअर) चालवलं तर ट्रान्स्फर केसची वाट लागते.

हवा: डांबरावर कंपनीने सांगितलेली, दगडांत २२ ते २४ पीएसआय, चिखलात १८ ते २०. १५ च्या खाली टायर रिमवरून निसटू शकतो. हवा कमी असताना वेग ताशी २५-३० च्या आत. परत भरायला १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर हवा, आणि तोही थेट बॅटरीला क्लिप लावणारा. लायटर सॉकेटचा फ्यूज एवढा भार सोसत नाही.

तिसरा टप्पा: ओढून काढायची सोय

टो-बॉलला (ट्रेलर जोडायचा गोळा) दोर कधीही लावू नका. बॉल तुटला तर तो गोळीसारखा येतो, माणूस जागेवर जाऊ शकतो. ट्रेलरवर गाडी बांधायच्या पातळ कड्याही यासाठी नसतात. पुढे-मागे चेसीला हाय टेन्साईल (८.८ ग्रेड) बोल्टने जोडलेला, भार छापलेला रिकव्हरी पॉइंट (दोर अडकवायची जागा) हवा. सोबत दोन ४.७५ टनी बो शॅकल (पिन असलेली लोखंडी कडी), साधारण ९ मीटरचा नायलॉनचा कायनेटिक (ताणला जाणारा) दोर, फावडं आणि जाड हातमोजे. दोराची तुटण्याची क्षमता गाडीच्या भरल्या वजनाच्या दोन ते तीन पट असावी. ओढताना दोरावर ओलं घोंगडं टाका, माणसं दोराच्या दीडपट लांब ठेवा. दोन दोर शॅकलने एकमेकांना जोडू नका.

चौथा टप्पा: खालचं चिलखत

शिवाजी उद्यमनगरात हे काम करणारे फॅब्रिकेटर आहेत, फक्त मापं तुम्ही नेमकी द्या. इंजिनच्या तेलाच्या चेंबरखाली ४ मिमी लोखंडी पत्रा पुरतो. त्याचं वजन चौरस मीटरला ३१ किलोच्या वर जातं, म्हणून लागेल तेवढाच कापा. ६ मिमी अॅल्युमिनियम साधारण १६ किलोत बसतं, पण दगडावर लोखंडासारखं सरकत नाही. पत्रा वेल्ड न करता बोल्टनेच बसवा. तेल सोडायच्या ड्रेन बोल्टखाली भोक आणि मागच्या बाजूला चिखल पडायला खाचा ठेवायला सांगा. तांबडी माती आत साठली तर ओल धरते आणि चेसी गंजते.

पाचवा टप्पा: उचलणं, तेही गरज असेल तरच

४० ते ५० मिमीच्या वर जाऊ नका. थारच्या पुढच्या टॉर्शन बारचा (पिळून स्प्रिंगचं काम करणारी दांडी) बोल्ट आवळून गाडी फुकटात वर येते, पण चाक खाली लोंबायची जागा कमी होते. सीव्ही जॉइंटचा (पुढच्या चाकाला ताकद नेणारा वळता सांधा) कोन वाढून रबरी बूट फाटतात. उचलल्यावर चाक पूर्ण लोंबकळत ठेवून ब्रेक होज ताणतोय का ते तपासा, अलाइनमेंट करा, हेडलाइट खाली करा.

कायद्याची बाजूही बघा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसंच म्हटलं आहे. बुल बारवर कारवाई करा, असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलंय. म्हणून गाडी उचलण्याबद्दल आणि टायरच्या साईजबद्दल आरटीओत आधी विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा.

स्नॉर्केल (इंजिनची हवा उंचावरून घेणारा पाइप) लावायचा तर एअर फिल्टरच्या डब्यापर्यंतचा प्रत्येक जोड हवाबंद हवा. एक जोड ढिला राहिला तर पाणी तिथूनच इंजिनमध्ये जातं. आणि स्नॉर्केल असला तरी पावसाळ्यात पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यावर गाडी घालू नका. पाण्याचा जोर गाडी कडेला ढकलतो, तिथं हवा कुठून घेतली याला अर्थ नाही. पाण्यात इंजिन बंद पडलं तर स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

सराव परवानगी घेतलेल्या खाणीत किंवा शेताच्या वाटेवर करा. सड्यांवर (जांभ्याच्या उघड्या पठारांवर) आणि अभयारण्यात गाडी उतरवू नका. तिथल्या पातळ मातीवर पडलेली चाकोरी वर्षानुवर्षं भरत नाही. परत आल्यावर खालून चिखल धुवा, स्किड प्लेट (खालचा पत्रा) आणि रिकव्हरी पॉइंटचे बोल्ट आवळा, आणि पाण्यातून गेला असाल तर दोन्ही डिफचं तेल त्याच आठवड्यात उघडून बघा.