अर्ली डिसिजनचा निकाल लागतो तेव्हा काय काय करायचं
अर्ली डिसिजन (ईडी) म्हणजे एकाच आवडत्या कॉलेजला लवकर अर्ज करायचा आणि ॲडमिशन मिळाली तर तिथेच जायचं कबूल करायचं. अमेरिकेतल्या कॉलेजांचे हे निकाल बहुतेक डिसेंबरच्या मध्यात लागतात, तारीख-वेळ कॉलेज आधी कळवतं, फक्त ती कुठल्या टाइम झोनची आहे ते बघून ठेवा. पोर्टलचा पासवर्ड आदल्या दिवशीच टाकून बघा, कारण ऐन वेळी सगळेच लॉगिन करतात आणि साइट रखडते, घाबरून सारखं रिफ्रेश मारू नका. एकट्याने बघायचा असेल तर घरच्यांना तसं सरळ सांगा.

ॲडमिशन मिळाली तर आधी फायनान्शियल एडचं पत्र नीट वाचा. ईडी बाइंडिंग म्हणजे बंधनकारक असतं, पण मिळालेल्या मदतीत खरंच भागत नसेल तर एड ऑफिसशी बोलता येतं, आणि तरीही नाहीच जमलं तर त्यातून सुटताही येतं. जमत असेल तर डिपॉझिट भरा आणि बाकीचे सगळे अर्ज लगेच मागे घ्या, त्या जागांची कुणीतरी वाट बघत असतं.

डिफर म्हणजे नकार नाही. अर्ज रेग्युलरमध्ये, म्हणजे नंतरच्या नेहमीच्या फेरीत, परत बघतात आणि तुम्ही बांधील राहत नाही. कॉलेज चालतं म्हणत असेल तर छोटं पत्र पाठवा, नवीन मार्क, नवीन काम आणि अजून यायचंय हे स्पष्ट, बस.

नकार आला तर रडू येईल, येऊ द्या. पण रेग्युलरच्या बऱ्याच डेडलाइन जानेवारीच्या सुरुवातीलाच असतात, म्हणून मनापासून सांगते, बाकीचे निबंध निकालाआधीच लिहून ठेवा, नंतर लिहायला बसणं फार जड जातं. काही कॉलेजांत ईडी टू, म्हणजे ईडीची दुसरी फेरी पण असते, तिचे निकाल साधारण फेब्रुवारीत येतात.