फाल्गुनातली बाग: पाचोळा जाळू नका, हिरवळ खरवडू नका

थंडी ओसरते, दुपारचं ऊन चटकू लागतं आणि बदाम, कडुलिंब, पिंपळाची पानं अंगणात ढिगाने पडतात. मग बाग साफ करायची घाई सुरू होते. पाचोळा पेटवायचा, लॉन जमिनीलगत कापायचं, झाडं छाटून मोकळी करायची. पुणे-नाशिककडच्या पठारावर ही सफाई बागेच्या मुळावर येते. आपल्याकडे वसंताच्या पाठीला लागूनच एप्रिल-मे येतात आणि आता उघडी पडलेली माती तेव्हा भेगाळते.

आधी हिरवळीचं बघू. हरळी थंडीत पिवळट पडते, पण मेलेली नसते. रात्रीचा गारवा कमी झाला की पेरांतून नवे फुटवे निघतात, म्हणून तिला खाऊ घालायची वेळ हीच. वाळलेला थर दाताळ्याने हलक्या हाताने ओढून काढा. ये-जा करून जमीन घट्ट झाली असेल तिथे ३-४ इंच खोल भोकं पाडा. मग पोयटा, वाळू आणि चाळलेलं शेणखत समप्रमाणात मिसळून पसरा. १०० चौरस फुटांना पाचेक घमेली पुरतात. थर पाव इंचाचाच असावा, गवताची टोकं वर दिसत राहिली पाहिजेत.

शेणखत मात्र पूर्ण कुजलेलंच घ्या. एका वर्षी मी घाईने अर्धकच्चं खत पसरलं. पावसाळ्यात हिरवळ सतरंजी गुंडाळावी तशी हातात उचलून आली. खाली मुळंच नव्हती, होत्या हुमणीच्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या. चांगल्या कुजलेल्या खताला शेणाचा वास येत नाही आणि हातात घेतलं तर ते गरम लागत नाही.

युरिया द्यायचा असेल तर १०० चौरस फुटांना एका वेळी ५० ग्रॅम पुरे, तोही पाती कोरडी असताना. देऊन झालं की लगेच भरपूर पाणी द्या, नाहीतर गवत करपतं. पुढचा हप्ता महिन्याने.

कापणी उंच ठेवा. उन्हाळ्यात दीड-दोन इंच उंचीची हिरवळ स्वतःच्या मुळांवर सावली धरते. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापू नका. दाट झाडाखाली हरळी धरत नाही, तिला ऊन लागतं. तिथे दरवर्षी नवी लावण्यात पैसे घालवू नका, पाचोळा अंथरा.

पाणी रोज शिंपडण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी पहाटे, मुरेल असं द्या. चौरस मीटरला एक लिटर म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. आठवड्याला २५ मिलिमीटर धरले तर १०० चौरस फुटांना साधारण २३० लिटर लागतात. चालून गेल्यावर पावलांचे ठसे तसेच राहिले, पाती निळसर-करडी दिसली, तर गवत तहानलेलं आहे.

लव्हाळा हे चिवट तण वरून उपटून काही साधत नाही. जमिनीत गाठींची माळ असते आणि राहिलेल्या प्रत्येक गाठीतून तो पुन्हा येतो. वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली असताना, खुरप्याने खोलवर खणून गाठी वेचा आणि फरशीवर कडक उन्हात वाळवा. कंपोस्टमध्ये टाकू नका.

आता पाचोळा. मला सगळ्यात जीव तोडून सांगायचं आहे ते हेच. तो जाळताना आपण झाडांनी वर्षभर जमवलेलं अन्न राख करतो आणि शेजाऱ्याच्या घरात धूर सोडतो. त्याऐवजी झाडांच्या आळ्यांत दोन-तीन इंच थर द्या, खोडापासून चार बोटं मोकळी सोडून. मातीतला ओलावा टिकतो, पाणी कमी लागतं. उरलेला जाळीच्या पिंपात किंवा गोणीत दाबून भरा, शेणकाल्याने ओला करा, पंधरा दिवसांनी खालीवर करा. बदामाची पानं जाड असतात, ती चुरडून टाका. ओल टिकवली तर पावसाळ्याच्या तोंडाशी खत हाताशी येऊ लागतं. ढीग घराच्या भिंतीला लागून नको आणि हलवताना दाताळं वापरा. आत विंचू किंवा साप असू शकतो, हात घालू नका.

छाटणी बेताची करा. गुलाबाची मोठी छाटणी ऑक्टोबरातली, आता फक्त सुकलेली फुलं आणि वाळक्या काड्या काढा. मोहरलेल्या आंब्याला कात्री लावू नका. कढीपत्त्याचे शेंडे खुडले तर तो दाट फुटतो. जास्वंदावर पिठ्या ढेकूण दिसला तर आधी पाण्याचा जोरदार फवारा मारा. मग लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा.

आणि कात्री चालवण्याआधी फांदी नीट बघा. याच दिवसांत शिंजीर हा इवलासा पक्षी घरटं बांधतो. फांदीच्या टोकाला लोंबणारं ते घरटं कोळिष्टकात अडकलेल्या कचऱ्यासारखं दिसतं आणि साफसफाईत सहज तोडलं जातं. तसं काही दिसलं तर ती फांदी पिल्लं उडेपर्यंत राहू द्या.