पदवीप्रदान समारंभाची तयारी कशी करावी?

वसंत सत्राच्या अखेरीस स्नेहसंमेलन, निरोप समारंभ आणि पदवीप्रदान हे सारे एकामागोमाग येत असल्याने, विद्यापीठाच्या वेळापत्रकातून प्रत्येक कार्यक्रमाची तारीख आणि नोंदणीची अंतिम मुदत वेगवेगळी टिपून घ्यावी; चुकते ती बहुधा मुदतच, कार्यक्रम नव्हे. ग्रंथालयाची पुस्तके परत करून आणि शुल्काची थकबाकी भरून ना-हरकत दाखला वेळेत मिळवावा. प्रमाणपत्रावर छापले जाणारे नाव मात्र अक्षर न् अक्षर तपासावे, कारण छपाईनंतरची दुरुस्ती वेळखाऊ असते.

गाऊन बहुधा पॉलिएस्टरचा असतो. त्यावर कडक इस्त्री फिरवल्यास कापड चकाकते किंवा वितळते, म्हणून तो आदल्या रात्री हँगरला टांगून वाफेने सुरकुत्या काढाव्यात. खांद्यावरचे हूड (गाऊनवर घालायचा, पाठीवर रुळणारा कापडी पट्टा) मागे सरकून गळ्याला काचते. त्याचा पुढचा फासा सदऱ्याच्या गुंडीत अडकवावा किंवा आतून दोन सेफ्टी पिना लावाव्यात. (हा उपाय बहुतेकांना छायाचित्रे पाहिल्यावरच सुचतो.) प्रवेशपत्रिका मर्यादित असतील, तर घरच्यांना तसे आधीच सांगावे. मंचावर डाव्या हाताने प्रमाणपत्र स्वीकारून उजव्या हाताने हस्तांदोलन करावे आणि छायाचित्रकाराकडे क्षणभर पाहूनच पुढे जावे.